आधी स्टिअरिंग, मग डबा

परवा रात्री भाच्याचा फोन. "मामा, रेसिंगसाठी पीसी घेऊ का पीएस५?"

मी विचारलं, "बसणार कुठं?"

"म्हणजे?"

"म्हणजे कॉटवर, खुर्चीवर का सोफ्यावर? आणि समोर काय, टीव्ही का मॉनिटर?"

त्याला वाटलं मामा विषय टाळतोय. पण माझ्या लेखी हाच पहिला प्रश्न आहे. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं दोन लेथचं छोटं वर्कशॉप आहे, पंपाचे शाफ्ट आणि बुश करतो. मागच्या खोलीत भंगारातून आणलेली मारुती ८००ची सीट चौकोनी पाइपच्या सांगाड्यावर बसवलेली आहे. तिथं मी रात्री गाडी चालवतो. गाव गाड्यांच्या नादाचं, गो-कार्टचा ट्रॅकही इथं आहे. त्यामुळं ओळखीतल्या कुणाच्या पोरानं रेसिंग गेमचं नाव काढलं की त्याला माझ्याकडं धाडतात. आणि येणारा प्रत्येकजण डब्यापासून सुरुवात करतो, म्हणजे पीसी घ्यायचा का प्लेस्टेशन (पीएस) किंवा एक्सबॉक्ससारखा टीव्हीला जोडायचा कन्सोल. ग्राफिक्स कार्ड कुठलं, रॅम किती, फोर-के चालेल का. अहो, डबा शेवटी ठरवायचा. आधी जागा, मग स्टिअरिंग, मग गेम. हे तीन नक्की झाले की डब्यात निवडायला फारसं काही उरतच नाही.

टेप घ्या आणि मोजा

बसल्यावर डोळ्यापासून पडद्यापर्यंत किती अंतर आहे ते मोजा. हॉलमधला ४३ इंची टीव्ही साधारण ९५ सेंटिमीटर रुंद असतो आणि आपण त्याच्यापासून आठ फूट लांब बसतो. त्या अंतरावरून तो आपल्या नजरेचा जेमतेम २२-२३ अंशांचा कोन व्यापतो. तेच २७ इंची मॉनिटर, ६० सेंटिमीटर रुंद, स्टिअरिंगच्या मागं दोन फुटांवर ठेवला तर ५३ अंश. म्हणजे छोटा पडदा जवळ घेतला तर मोठ्या टीव्हीपेक्षा दुपटीहून जास्त दिसतं. वेगाचा अंदाज, शेजारची गाडी, वळणाचा आतला कोपरा, सगळं या कोनावर अवलंबून. टीव्हीवर ब्रेक नेहमी उशिरा लागतो अशी तक्रार करणाऱ्या निम्म्या लोकांना मी फक्त खुर्ची पुढं सरकवायला सांगितली आहे.

खोऱ्यानं पैसे ओतून तीन मॉनिटर लावायचे असतील तर विचार करायचं कारण नाही, तो पीसीचा प्रांत. गेममधला कॅमेऱ्याचा कोन आपल्या अंतराप्रमाणं जुळवणं हेही पीसीवर सोपं. कन्सोलवर काही गेम ते करू देतात, बरेच देत नाहीत.

टीव्हीच वापरणार असाल तर त्यात गेम मोड चालू करा. टीव्ही चित्र गुळगुळीत करायला मध्ये वेळ खातो. ताशी २०० किलोमीटरला गाडी सेकंदाला ५५ मीटर जाते. टीव्हीनं एक दशांश सेकंद उशीर केला की तुम्ही बघताय ते साडेपाच मीटर मागचं, म्हणजे गाडीच्या लांबीपेक्षा जास्त.

आणि टीव्ही कुणाचा हेही मोजमापातच धरा. आमच्या हॉलमधला टीव्ही संध्याकाळी सात ते दहा आईच्या मालिकांचा. त्या तीन तासांत आमच्या घरी शर्यत होत नाही, मग डबा कुठलाही असो.

बसायच्या खुर्चीला चाकं असतील तर जोरात ब्रेक मारला की पेडल जागेवर राहतं आणि तुम्ही मागच्या भिंतीपाशी जाता. चाकं जुन्या चपलांत अडकवा, मी वर्षभर तसंच चालवलं. पेडलचा सेट गुळगुळीत फरशीवर पुढं पळतो, त्याला भिंतीशी टेकवून एक लाकडी ओंडका लावला की काम भागतं. स्टिअरिंगचा क्लॅम्प प्लायच्या टेबलावर आवळू नका. भुसा दाबून केलेली पाटी तर महिनाभरात फुटते. ज्यांना लोखंडाचं काम करून घेता येतं त्यांनी ४० बाय ४०च्या, दोन एमएम जाडीच्या चौकोनी पाइपचा स्टँड करून घ्यावा. विकतच्या घडीच्या स्टँडपेक्षा स्वस्त पडतो आणि हलत नाही.

स्टिअरिंग

खरी निवड इथं होते, म्हणून इथं जरा थांबतो.

स्टिअरिंगच्या जाहिरातीत न्यूटन-मीटर लिहिलेलं असतं, म्हणजे आतली मोटर चाकाला किती जोरानं पिळते त्याचं माप. टॉर्क रेंच हातात धरलेल्या माणसाला ते लगेच कळतं, बाकीच्यांसाठी हिशोब करून देतो. लॉजिटेकचा जी२९ किंवा त्याची भावंडं सुमारे २ न्यूटन-मीटरची, आतून गिअरवर चालणारी. चाकाची त्रिज्या साधारण १४ सेंटिमीटर धरली तर कडेवर जास्तीत जास्त दीड किलोचा जोर येतो. डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे मोटरच्या शाफ्टवर थेट चाक, मध्ये गिअर नाही की पट्टा नाही. त्यातला मोझाचा आर५ साडेपाच न्यूटन-मीटरचा, म्हणजे कडेवर चार किलो. फानाटेकचा सीएसएल डीडी ५ न्यूटन-मीटरचा, विजेचा मोठा अडॅप्टर लावला की ८. चार किलो ऐकायला थोडं वाटतं. अर्धा तास सलग चालवून बघा, दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलताना खांदे सांगतील.

पण जोर ही नंतरची गोष्ट. पहिली गोष्ट म्हणजे स्टिअरिंगच्या आत कन्सोलची ओळख पटवणारी चिप आहे की नाही. प्लेस्टेशनचं स्टिअरिंग एक्सबॉक्सवर चालत नाही, एक्सबॉक्सचं प्लेस्टेशनवर चालत नाही, आणि चिप नसलेलं दोन्हींवर चालत नाही. पीसीवर जवळजवळ सगळी चालतात. मी हा धडा रोख पैसे मोजून शिकलोय. घरात प्लेस्टेशन, आणि सांगलीतल्या एका पोराकडून जुनं स्टिअरिंग उचललं, चकचकीत, बॉक्ससकट. घरी आणून जोडलं, दिवा लागला, चाक डावी-उजवीकडं फिरून स्थिर झालं, मी खूश. गेममध्ये मात्र ढिम्म. बॉक्सवर एवढ्या मोठ्या अक्षरांत एक्सबॉक्स लिहिलं होतं, मी भाव करण्याच्या नादात वाचलंच नव्हतं. जुन्या बाजारात लॉजिटेकचाच जुना जी२७ही खूप दिसतो. स्टिअरिंग गुणी आहे, पण ते पीएस३च्या काळातलं. पीसीवर आजही चालतं, पीएस४ किंवा पीएस५ वर नाही.

म्हणून ज्याचं अजून काहीच नक्की नाही त्याला मी प्लेस्टेशनवर चालणारं स्टिअरिंग घ्यायला सांगतो. आज कन्सोलला लावा, दोन वर्षांनी पीसी घेतला तर तेच तिथं जोडा. एक्सबॉक्स घरात असेल तर एक्सबॉक्सचं घ्या, तेही पुढं पीसीवर जातं. फक्त पीसीवर चालणारं डायरेक्ट ड्राइव्ह त्याच ताकदीच्या कन्सोलवाल्यापेक्षा बऱ्याचदा स्वस्त मिळतं, पण तिथून मागं फिरता येत नाही.

पेडलचं एक सांगायलाच हवं. स्वस्त पेडल तुमचा पाय किती खाली गेला ते मोजतं. लोड सेलवालं पेडल पायानं किती जोर लावला ते मोजतं. खऱ्या गाडीचा ब्रेकही जोरावरच चालतो, आणि आपल्या पायाला अंतरापेक्षा जोर जास्त चांगला लक्षात राहतो. माझ्याकडं थोडे पैसे शिल्लक असतील तर मी ते जास्त ताकदीच्या मोटरवर घालणार नाही, ब्रेकवर घालेन. लॅप टाइम तिथं सापडतो.

आता पीसीचं खरं सुख. मी हँडब्रेक घरी बनवला. वजनकाट्यातला एक लोड सेल, एचएक्स७११ नावाची बोटाएवढी सर्किट पट्टी, आर्डुइनो लिओनार्डो नावाचा प्रोग्राम भरायचा छोटा बोर्ड, आणि मी स्वतः टर्न केलेला दांडा. यूएसबीत लावला, विंडोजनं जॉयस्टिक म्हणून मुकाट ओळखला. एकूण खर्च दोन हजारांच्या आत, माझी मजुरी सोडून. कन्सोलला असलं घरगुती काही चालत नाही. मधला अडॅप्टर लावून फसवता येतं म्हणतात, पण पुढच्या अपडेटनंतर ते चालेलच याची हमी कोण देणार? तुमच्या हाताला असलं काही करायची खाज असेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल, तुम्ही पीसीवालेच.

आणि स्टिअरिंग कधीच घेणार नसाल तर? मग सरळ कन्सोल. पीएस५च्या कंट्रोलरचे ट्रिगर बोटाला खरोखर अडवतात. ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये ब्रेक लॉक व्हायला लागला की बोटाखाली थरथर जाणवते. सोफ्यावर रेलून खेळायला याहून बरं काही नाही.

काय चालवायचंय?

ग्रॅन टुरिस्मो ७ हवाच असेल तर प्रश्न मिटला. मार्च २०२२ मध्ये आलेला हा गेम फक्त पीएस४ आणि पीएस५ वर आहे. लायसन्सच्या परीक्षा द्या, जुन्या गाड्या घ्या, तेल बदला, धुऊन काढा. गाडीवर जीव असलेल्या माणसाला तो घरच्यासारखा वाटतो. पीएस५ वर एकाच पडद्यावर चौघांना खेळता येतं. माझी मुलगी आणि तिच्या मैत्रिणी सुट्टीत तेच करतात, आणि मला त्यांच्यात घेत नाहीत. खोट एकच, तो जवळपास सगळा इंटरनेटवर टांगलेला आहे. आला त्याच महिन्यात एका अपडेटनंतर त्याचे सर्व्हर तीस तासांहून जास्त बंद होते आणि विकत घेतलेला गेम लोकांना घरात बसून खेळता येत नव्हता.

फोर्झा होरायझन ५ म्हणजे मेक्सिकोत मोकाट भटकंती. आधी एक्सबॉक्स आणि पीसीवरच होता, एप्रिल २०२५ पासून पीएस५ वरही आहे. त्यासाठी डबा निवडायची गरज उरली नाही. एफ-वनचे गेम सगळीकडं मिळतात. ग्रेटर नोएडातलं बुद्ध सर्किट आठवतंय? २०११ ते २०१३ तीन वर्षं तिथं एफ-वन झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटल जिंकला. त्या वर्षांच्या एफ-वन गेममध्ये हा ट्रॅक अधिकृत होता, मग गेला.

रोमजवळच्या वालेलुंगा ट्रॅकपाशी कुनोस नावाच्या कंपनीचं ऑफिस आहे, त्यांनी २०१४ मध्ये आसेटो कोर्सा हा गेम काढला. कन्सोलवरही तो आला, पण पीसीवर त्याचा वेगळाच संसार झाला. जगभरच्या हौशी लोकांनी त्यात हजारो गाड्या आणि ट्रॅक भरलेत, पाऊस आणि रात्र आणली. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात सेलमध्ये काही शे रुपयांत मिळतो आणि साध्या ग्राफिक्स कार्डवर पळतो. त्यांचाच आसेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने जीटी३, म्हणजे शर्यतीसाठी तयार केलेल्या स्पोर्ट्स गाड्यांसाठी आहे, तो पीसी आणि कन्सोल दोन्हीकडं चांगला. मात्र पीसीवर तीस गाड्यांच्या रांगेत पावसात सुरुवात करायची तर कार्ड दमदार लागतं.

बाकीची शर्यतीची गंभीर मंडळी पीसीवरच राहतात. आयरेसिंग, आरफॅक्टर २, ऑटोमोबिलिस्टा २, ल मान्स अल्टिमेट, गाडी चेपायची खरी मजा देणारा बीमएनजी, यातलं एकही कन्सोलवर नाही. एफ-वनचा ड्रायव्हर मॅक्स व्हर्स्टॅपन घरी आयरेसिंग खेळतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याची वर्गणी डॉलरमध्ये, आणि बऱ्याच गाड्या आणि ट्रॅक वेगळे विकत घ्यावे लागतात हेही माहीत करून घ्या. माझं मन मात्र रॅलीत. २००४ सालचा रिचर्ड बर्न्स रॅली हा गेम लोकांनी अजून जिवंत ठेवलाय, माझ्या हँडब्रेकचा जन्म त्याच्यासाठीच झाला. तोही पीसीवरच.

पैसे आणि लाईट

डिस्कवाला पीएस५ स्लिम आपल्याकडं २०२४ मध्ये ५४,९९० रुपयांना आला. सणासुदीला काही हजार उतरतात. आजचा भाव दुकानात विचारून घ्या. तेवढ्या पैशात नवा पीसी जुळवून त्याच्या तोडीचं चित्र मिळवायला मी दोनदा बसलो, दोन्ही वेळा मॉनिटर धरून आकडा पुढं गेला. नुसत्या डब्याच्या भावात कन्सोल जिंकतो, यात वाद नको.

पण पुढच्या पाच वर्षांचं गणित वेगळं. कन्सोलवर दुसऱ्यांशी ऑनलाइन शर्यत लावायची तर वर्गणी भरावी लागते, पीसीवर तशी वेगळी वर्गणी नाही. कन्सोलचे गेम महाग, स्टीमच्या सेलमध्ये स्वस्त. याच्या उलट, डिस्क असली की खेळून झाल्यावर विकता येते. डिस्कचा आणखी एक फायदा रेसिंगवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावा. या गेममध्ये गाड्यांची आणि गाण्यांची लायसन्स असतात, ती संपली की गेम विक्रीतून काढतात. फोर्झा होरायझन ४ डिसेंबर २०२४ मध्ये असाच दुकानातून गेला. डिस्क मात्र जुन्या बाजारात फिरत राहते. म्हणून कन्सोल घेतलाच तर दोन पैसे जास्त घालून डिस्कवालाच घ्या.

लाईटचा विचार कुणी करत नाही. माझा पीसी, मॉनिटर आणि स्टिअरिंग मिळून साडेतीनशे वॅटच्या आसपास खातात. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॅट. लाईट गेली की तो एकदा किंचाळायचा आणि माझ्यासकट सगळं बंद. एक तास वीस मिनिटांच्या शर्यतीत, तिसऱ्या नंबरवर असताना. बायको दारातून म्हणाली, "झाली का शर्यत?" आता १००० व्हीएचा घेतलाय. कन्सोल दोनशे वॅटच्या आसपास भागवतो. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना बघा, नाहीतर लाईट जाताना डबा पुन्हा चालू होतो आणि मध्येच बंद झाल्याबद्दल तुम्हालाच रागावतो.

वेळही खर्चात धरा. कन्सोलवर बटण दाबल्यापासून पाच मिनिटांत मी पहिल्या वळणावर असतो. पीसीवर कधी विंडोजचं अपडेट, कधी ड्रायव्हर, कधी पेडल आणि हँडब्रेकचे नंबर आपसात बदललेले. पहिले पंधरा दिवस तर मी फक्त सेटिंगची शर्यत खेळलो. मला ते आवडतं, दिवसभर मी तेच करतो. दुकानातून दमून येऊन अर्धा तास मोकळं व्हायचंय अशा माणसाला ते आवडणार नाही.

तेव्हा माझं मत विचाराल तर असं. घरात पीसी नाही, टीव्ही आहे, पोरंही खेळणार, तर पीएस५ आणि त्याला चालणारं जुनं स्टिअरिंग. घरात बऱ्यापैकी पीसी आहे तर दुसरा डबा आणू नका, फार तर ग्राफिक्स कार्ड बदला. रॅली, मॉड (हौशी लोकांनी गेममध्ये घातलेल्या गाड्या-ट्रॅक), तीन पडदे किंवा गंभीर ऑनलाइन शर्यत डोक्यात आहे तर पीसी, आणि आज पैसे कमी पडत असतील तर थांबून पीसी. एक्सबॉक्स सीरीज एस ज्यांच्या घरी आधीच आहे त्यांनी खुशाल वापरावा, पण नवा डबा घ्यायचा असताना नुसत्या रेसिंगसाठी मी तो सुचवत नाही. त्यावरचे फोर्झा घराण्याचे रेसिंग गेम पीसीवरही मिळतात.

जुनं स्टिअरिंग घेताना विकणाऱ्याच्या घरी जाऊन चालू करून बघा. वीज देताच ते स्वतः दोन्ही टोकांना फिरून मध्यावर आलं पाहिजे. मध्यावर धरून हळूच हलवा, थोडा खडखडाट चालतो, दात सुटल्यासारखा धक्का चालत नाही. ब्रेक सावकाश दाबा आणि पडद्यावरची पट्टी बघा. ती उड्या मारत असेल तर पेडल किती दाबलं ते मोजणारा आतला पोटेन्शिओमीटर मळलाय, त्याचे पैसे कमी करा, साफ होतो. विजेचा अडॅप्टर मूळचाच आहे का बघा. आणि बॉक्सवर काय लिहिलंय ते वाचा.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगून झाल्यावर मी विचारलं, घरात काय-काय आहे? कोथरूडला दोघा मित्रांबरोबर भाड्याची खोली, टीव्ही नाही. कॉलेजात घेतलेला लॅपटॉप आहे, त्यात जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड.

"अरे मग डबा आहे की तुझ्याकडं!" आसेटो कोर्सा त्यावर आरामात पळेल. २७ इंची मॉनिटर आणि प्लेस्टेशनला चालेल असं जुनं स्टिअरिंग एवढंच त्याला घ्यायचंय. बाकीचे पैसे राहू देत.

रविवारी येतोय. वीस फुटी पाइप आणून कापायला काढून ठेवलाय. त्याच्या पायाचं माप तेवढं घ्यायचं राहिलंय, पेडलची पट्टी त्याशिवाय वेल्ड करता येत नाही.